स्टायपेंडचे उरलेले १ लाख १२ हजार: कर्जात भरण्याआधी बँकेला एक प्रश्न विचारा

प्रश्न: मी सांगलीची, पुण्यात एमबीए करते. पहिल्या वर्षानंतर मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) एका कंपनीत दोन महिन्यांची समर इंटर्नशिप केली, ती ६ जून २०२५ ला संपली. स्टायपेंड महिना एक लाख होता, टीडीएस (कंपनीने आधीच कापलेला कर) जाऊन एकूण १,८०,००० रुपये मिळाले. मरोळच्या पीजीचं भाडं, १८,००० डिपॉझिट आणि बाकी खर्च जाऊन १,१२,००० उरलेत. सरकारी बँकेचं १४ लाखांचं शैक्षणिक कर्ज जुलै २०२४ मध्ये साडेदहा टक्क्यांनी मंजूर झालंय. त्यातले ७ लाख उचलले, उरलेले ७ लाख पुढच्या महिन्यात मिळतील. व्याज अजून भरलेलं नाही. बाबांचं किराणा दुकान आहे. ते म्हणतात, सगळे पैसे कर्जात भर. मैत्रीण म्हणते, इंडेक्स फंडात टाक. पीजीच्या काकू म्हणतात, डिपॉझिट राहू दे, पुढच्या वर्षी हाच बेड तुझा. पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतर त्याच कंपनीतल्या नोकरीची ऑफर, मिळेल असं मॅनेजर म्हणालेत, पण पत्र आलेलं नाही. काय करू?

उत्तर: डोक्यावरचं कर्ज आधी फेडावं हे बाबांचं म्हणणं वावगं नाही, आणि एरवी आम्हीही तेच सांगितलं असतं. पण शिक्षण चालू असतानाचं शैक्षणिक कर्ज गृहकर्जासारखं चालत नाही. तुमचा निर्णय ज्या एका गोष्टीवर फिरतो, ती मंजुरीपत्राच्या आतल्या पानावर असते: मोरॅटोरियमच्या, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीच्या, काळात व्याज सरळ लागतं की चक्रवाढ?

सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात, कोर्स चालू असताना आणि हप्ते सुरू होईपर्यंत, सरळ व्याज लागतं. ते बाजूला साठत राहतं आणि हप्ता ठरवायच्या दिवशी मुद्दलात मिळवलं जातं. त्याआधी त्या साठलेल्या व्याजावर व्याज चढत नाही. आता तुमचा आकडा पाहू. ७ लाखांवर अकरा महिन्यांत साधारण ६७ हजार व्याज साठलं असेल. तुम्ही आज एक लाख भरलेत, तर बँक आधी हे ६७ हजार वळते करून घेईल आणि मुद्दलातून फक्त ३३ हजार कमी होतील. तुमचा दर आता खाली येत असणार (ते पुढे पाहू), म्हणून तो दहा टक्के धरला तर वर्षाला वाचलेलं व्याज ३,३०० रुपये. तोच एक लाख साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत राहिला तर ६,५०० मिळतात. म्हणजे तुमच्या कर्जात कमी दराची ठेव जास्त दराच्या कर्जापेक्षा सरस ठरते, कारण भरलेल्या पैशांतले दोन तृतीयांश अशा रकमेवर जातात जिच्यावर सध्या व्याजच लागत नाही. साठलेलं व्याज आज भरा किंवा हप्ता बांधला जाण्याच्या आधी भरा, बँकेच्या लेखी दोन्ही सारखंच.

व्याज चक्रवाढ असेल तर चित्र उलटतं. काही खासगी बँका आणि वित्तसंस्था दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवतात. मग एक लाख भरल्यावर वर्षाला दहा हजार वाचतात आणि ठेवीपेक्षा साडेतीन हजारांचा फायदा कर्जात भरण्याचा होतो. तरीही आमचं उत्तर बदलत नाही. का, ते पुढे येईल.

बँकेला लेखी विचारायच्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली दराची. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. बँकेचं बदलत्या दराचं कर्ज रेपोला जोडलेलं असेल तर निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने लागतो. तुमचा साडेदहाचा दर साडेनऊच्या दिशेने खाली यायला हवा. स्टेटमेंटमध्ये तो अजून साडेदहाच दिसत असेल तर पुढच्या बदलाची तारीख विचारा. दुसरी गोष्ट सवलतीची. अभ्यासक्रमाच्या काळातच व्याज भरत गेल्यास बऱ्याच सरकारी बँका दरात एक टक्का सूट देतात. तुमचे अकरा महिने चुकलेत, पण साठलेलं व्याज एकरकमी भरून पुढे दरमहा भरत गेलो तर सूट मिळेल का, हे शाखेत विचारायलाच हवं. १४ लाखांवर दहा वर्षांचा हप्ता दहा टक्क्यांनी १८,५०१ रुपये येतो आणि नऊ टक्क्यांनी १७,७३५. महिन्याला ७६६ म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ ९२ हजारांचा फरक. मात्र त्यासाठी आज ६७ हजार आणि पुढच्या महिन्यापासून दरमहा साधारण ११,७०० भरावे लागतील. हे दरमहाचे पैसे तुमच्या शिलकीतून निघणार नाहीत, ते दुकानातून यावे लागतील. बाबांशी बोलायचं असेल तर या आकड्यावर बोला. त्यांना ते झेपत असेल आणि बँकेने सवलत लेखी कबूल केली, तर ६७ हजार आजच भरा. झेपणार नसेल तर मधूनच थांबल्यावर सूट जाते, मग सुरुवातच करू नका. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेबद्दलही त्याच भेटीत विचारा. तो दावा कर्ज देणाऱ्या बँकेमार्फतच जातो.

ही सवलत मिळणार नसेल, तर पैसे हाताशी ठेवण्याचं मोठं कारण पुढचा जून आहे.

नोकरीला लागल्यावर मुंबईत पहिला पगार येण्याआधी खर्च येतात, आणि बहुतेक नव्या मुलांचा हिशेब इथेच चुकतो. कंपन्यांत पगाराच्या यादीची एक कट-ऑफ तारीख असते. तिच्यानंतर रुजू झालात तर त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याबरोबर येतो. रिलोकेशनचे पैसे बहुधा बिलं दाखवल्यावर मिळतात आणि जॉइनिंग बोनस पगारासोबत. पीजीऐवजी तिघींनी मिळून ५४ हजार भाड्याचा टू बीएचके घेतला असं धरा. तुमचा वाटा भाड्यात १८ हजार, दीड लाखाच्या डिपॉझिटमध्ये ५० हजार, एक महिन्याच्या दलालीत १८ हजार, लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीत दीड हजार. गादी, भांडी, गॅस यांना दहा हजार आणि पहिल्या महिन्याच्या जेवणखाणाला, प्रवासाला बारा हजार. बेरीज १,०९,५०० होते. आज जवळपास तेवढेच तुमच्या खात्यात आहेत.

ते कर्जात गेले तर परत मिळत नाहीत. शैक्षणिक कर्ज म्हणजे भरलेले पैसे पुन्हा काढता येणारा ओव्हरड्राफ्ट नव्हे. मग पुढच्या जूनमध्ये बाबांकडे मागणं, चौदा-पंधरा टक्क्यांचं पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डची थकबाकी एवढेच रस्ते उरतात. बऱ्याच कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के लागतात. चक्रवाढीतही ज्या साडेतीन हजारांच्या फायद्याचं वर लिहिलं, तो कार्डावर लाखभर थकले तर एका महिन्यात संपतो. म्हणून उत्तर बदलत नाही.

पैसे ठेवायचे कसे? बारा हजार बचत खात्यात. एक लाखाच्या पंचवीस-पंचवीस हजारांच्या चार ठेवी, मुदत अकरा महिने, म्हणजे रुजू होण्याआधी मे २०२६ मध्ये हाती येतील. एकच ठेव केलीत आणि मध्येच वीस हजार लागले तर सगळी मोडावी लागते आणि दंड साऱ्या रकमेवर बसतो. चार असल्या तर एकच मोडते. दुसऱ्या वर्षात मुलाखतींचे प्रवास, लॅपटॉपची दुरुस्ती असलं काहीतरी निघतंच.

इंडेक्स फंड चांगलं साधन आहे, पण या पैशांसाठी नाही. जानेवारी २०२० मधल्या उच्चांकावरून निफ्टी, म्हणजे असे फंड ज्याच्या मागे चालतात तो शेअर निर्देशांक, दोन महिन्यांत सुमारे ३८ टक्के उतरला होता. १ लाख १२ हजारांचे ७० हजार झाले आणि त्याच आठवड्यात घरमालकाला डिपॉझिट द्यायचं असलं, तर बाजार पुढे सावरला याचा तुम्हाला उपयोग नाही. फंडातली दरमहाची गुंतवणूक (एसआयपी) दुसऱ्या पगारापासून सुरू करा.

पीपीओ आलाच नाही तर? तरीही हेच. मग नोकरी कदाचित पुण्यात किंवा बंगळुरूला लागेल, आणि डिपॉझिट तिथेही द्यावंच लागेल. फक्त तोंडी आश्वासनावर आत्ता कुठलाही खर्च बांधू नका. पत्रावर सही होईपर्यंत ती ऑफर नसते.

म्हणूनच काकूंकडचं डिपॉझिट परत घ्या. त्या भल्या मनाने म्हणत असतील, पण १८ हजार रुपये वर्षाहून जास्त काळ बिनव्याजी अडकतात आणि बदल्यात मिळतं ते एका बेडचं तोंडी वचन. यंदा मरोळ सोयीचं पडलं, कारण मरोळ नाक्याहून मेट्रो ३ थेट बीकेसीला जाते. पुढच्या वर्षी कंपनीने गोरेगाव किंवा ऐरोलीचं ऑफिस दिलं तर त्याच बेडवरून रोज उलटा प्रवास करावा लागेल. व्हॉट्सअॅपवर लिहा: खोली कोणत्या तारखेला सोडली, किल्ली कुणाला दिली, शेवटचं मीटर रीडिंग किती, आणि डिपॉझिट अमुक तारखेपर्यंत यूपीआयने पाठवा. खोली सोडतानाचे फोटो असतील तर जोडा. वीजबिल किंवा मोडतोड यांची कपात रास्त आहे, पण बिलाचा फोटो मागा. ‘रंगकाम’ म्हणून सरसकट हजार-दोन हजार कापत असतील, तर ते पावतीत लिहिलं होतं का ते पाहा. पुढच्या वर्षी फ्लॅट घ्याल तेव्हा करार नोंदवल्याशिवाय पैसे देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते.

आता टीडीएसचे वीस हजार. ते तुमचेच आहेत. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही आणि तुमचं उत्पन्न दोन लाख आहे. पण रिटर्न भरल्याशिवाय ते परत येत नाहीत, आणि हे रिटर्न एप्रिल २०२६ नंतरच भरता येईल. मध्ये दहा महिने जातात आणि तेवढ्यात लोक विसरतात. कंपनी एप्रिल-जून तिमाहीचं टीडीएस विवरण जुलैअखेर देते, फॉर्म १६ए (कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) ऑगस्टच्या मध्याला मिळायला हवा. त्या सुमारास आयकर पोर्टलवर २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून वीस हजार तुमच्या पॅनवर दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर लगेच एचआरला लिहा. पॅनचा एक आकडा जरी चुकला असला, तरी दुरुस्त विवरण कंपनीनेच भरायचं असतं, आणि तुम्हाला ओळखणारी माणसं तिथे आहेत तोवर ते काम सोपं आहे.

कापणी कोणत्या कलमाखाली झाली तेही बघा. १९२ असेल तर उत्पन्न पगार धरलं जातं, फॉर्म १६ मिळतो आणि रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-१, चालतो. पूर्ण रकमेवर बरोबर १० टक्के कापलेत, त्यावरून ते १९४जे, म्हणजे व्यावसायिक मानधन वाटतं. त्यात आयटीआर-१ भरला तर २६एएसशी मेळ बसत नाही आणि रिफंड अडकू शकतो. साधारणपणे आयटीआर-३ किंवा ४ लागतो. एकदा सीएकडून भरून घ्या, हजारभर रुपये गेले तरी चालेल. जुलै २०२६ संपायच्या आत भरा आणि भरल्यावर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करा. व्हेरिफाय न केलेलं रिटर्न भरलंच नाही असं धरतात.

बाबा ८०ई च्या वजावटीचं विचारतील. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची ती वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि तुम्हाला यंदा करच नाही. तिच्यासाठी घाईने व्याज भरण्यात अर्थ नाही.

नोकरी लागल्यावर मात्र बाबांचा सल्ला तंतोतंत पाळा. कोर्सनंतर एका वर्षाने, म्हणजे जून २०२७ च्या सुमारास हप्ते सुरू होतात असं धरलं, तर तोवर साठलेलं व्याज साधारण ३ लाख ४७ हजार होईल. ते मुद्दलात मिळवू दिलंत तर हप्ता १८,५०१ ऐवजी २३,०८७ होतो, आणि तोही दहा वर्षं. नक्की तारीख मंजुरीपत्रात पाहा आणि पहिल्या पगारापासून ती डोळ्यांसमोर ठेवून व्याज भरायला लागा.

शेवटी, स्टायपेंडसाठी कंपनीने बीकेसीच्या शाखेत खातं उघडून दिलं असेल तर त्याकडे लक्ष द्या. साधारण तीन महिने पगार जमा झाला नाही की असं खातं साध्या बचत खात्यात बदलतं, आणि मोठ्या शहरातल्या शाखेत खासगी बँका दहा हजार किंवा त्याहून जास्त किमान शिल्लक मागतात. पैसे पुण्याच्या खात्यात वळवा, ठेवी तिथूनच करा. आयकर पोर्टलवर रिफंडसाठी तेच पुण्याचं खातं प्रमाणित करून घ्या आणि मगच मुंबईचं खातं बंद करायचा अर्ज द्या. ऑगस्टच्या आत हे उरकलं तर दंडाचा प्रश्न येत नाही.