फँटसी कॅरेक्टर काढताना खरेपणा किती ठेवायचा आणि स्टाईल किती?

सांगाडा, वजन आणि उजेड खरा ठेवा, बाकी सगळ्यात पाहिजे तेवढी स्टाईल करा. मी इथं बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांचे पडदे रंगवतोय, त्यात राक्षस किती पण अचाट असू दे, पाय जमिनीवर नीट टेकले नसले की लोकांना लगेच खोटं वाटतंय. साधा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो, हिरोला आठ-नऊ डोकी केली तरी चालतंय, पण एका पायावर उभा असेल तर गळ्याच्या खळगीतून सरळ खाली सोडलेली रेघ त्याच पायाच्या आसपास पडायला पाहिजे. पंख लावायचे असले तर वटवाघूळ बघा की, त्याचा पंख म्हणजे लांबलेली बोटं आणि मधली कातडी, अंगठा वर मोकळा, ते एकदा कळलं की ड्रॅगन आपोआप जमतोय. अंगाला खानापूरच्या जंगलातला गवा घ्या, खांद्याचा तो उंचवटा कुठल्या पण राक्षसाला शोभतोय (शिंगं फुकट!). फक्त मोठ्या डोक्याची कार्टून स्टाईल असेल तर हे मोजमाप सोडा, तिथं सगळ्या कॅरेक्टरना एकच माप लावलं म्हणजे झालं.