विहिरीची मोटर सारखी ट्रिप होतीय?

भावा, एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा पॅनेलमधला स्विच) पडतोय म्हणून तिथं मोठा ३२ अँपियरचा बसव असं कोणी सांगितलं असेल, तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. वायर जळेल, पाठोपाठ मोटरही.

आधी कधी पडतो ते बघ. बटण दाबताक्षणी पडला तर केबल नाहीतर वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) शॉर्ट. मोटर नुसती गुणगुणून पडला तर पॅनेलमधला कपॅसिटर. फुगलेला डोळ्यालाच दिसतो. मेन बंद केली तरी त्यात करंट साठलेला असतो, लगेच हात घालू नकोस. पाच-दहा मिनिटं चालून पडत असेल तर क्लॅम्प मीटर लाव, वायरीभोवती अडकवून करंट मोजतात तो. १ एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल साधारण ६ ते ८ अँपियर घेते. बरीच जास्त ओढत असेल तर इंपेलरात (पाणी ढकलणाऱ्या पंख्यात) गाळ, बेअरिंग जाम, नाहीतर व्होल्टेज कमी.

पावसाळ्यातच त्रास होतोय का? मग केबल-मोटरचा जॉइंट. पंचगंगेला पाणी चढलं की माझ्या विहिरीचंही वर येतं. एका जुलैत साध्या टेपनं गुंडाळलेला जॉइंट बुडाला आणि मी उगाच मोटरवर संशय घेत बसलो. वर काढला तर आत तांबं हिरवं पडलेलं! वायरमनकडून पॅनेलपासून केबल सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) तपासून घे. १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर वर काढायची. जॉइंट तोडून केबल आणि मोटर वेगवेगळी तपासा, मगच रिवाइंडिंगला पैसे घाल.

आणि अर्थिंग काढून चालवू नकोस. दोर ओला असतो, बादली लोखंडी असते, करंट थेट हातात येईल.