कालवा उखडू नका, त्यावर रंग द्या

तुमच्या मॉडेल रेल्वेच्या देखाव्याचे फोटो दोनदा नीट बघितले. ९० बाय ३० सेंटिमीटरची फळी, १:७६ चं प्रमाण, एकेरी लाइन आणि तिच्याखालून विटांच्या कमानीतून जाणारा इंग्लिश धाटणीचा अरुंद कालवा. मांडणी छान आहे. तुमची तक्रार थोडक्यात अशी: पाणी म्हणून हिरवं रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक द्रव) एका दमात १२ मिलिमीटर ओतलं, ते जेलीसारखं दिसतंय आणि भिंतींवर चढलंय. शिवाय देखावा जुना वाटावा म्हणून सगळीकडे काळपट तपकिरी फवारा मारला, तर जुना वाटायच्या ऐवजी आग लागून गेल्यासारखा वाटतोय. आता सगळं उखडून पुन्हा सुरुवात करू का, असं विचारलंय. नका करू. पाणी वाचवता येतं, आणि तुमच्या भिंती पाण्याहून जास्त बिघडल्या आहेत.

वेदरिंग, म्हणजे मॉडेल ऊन-पावसाने जुनं झाल्यासारखं रंगवणं, हे नुसता मळका रंग फासणं नव्हे. ब्रश टेकवण्याआधी प्रत्येक डागाला विचारायचं, बाबा रे, तू इथे आलास कुठून? उत्तर मिळालं नाही तर तो डाग लावायचा नाही. तुमच्या कमानीच्या पोटात काळी काजळी आहे. ती कुठून आली? गाडी तर पुलावरून जाते, आणि धूर वर जातो. रूळ पुलाखालून गेले असते तर कमानीला बरोबर रुळांच्या वर काजळीचा पट्टा शोभला असता. इथे गाडी वर आणि पाणी खाली. म्हणजे कमानीच्या पोटात दिसणार ती ओल. खडीतून झिरपलेलं पावसाचं पाणी दर्जांमधला, म्हणजे विटांच्या सांध्यांमधला, चुना विरघळवून खाली आणतं, त्याचे पांढरट ओघळ, आणि जिथे सतत ठिबकतं तिथे हिरवं-काळं शेवाळ. काजळी पुसा, तिथे लोणा, म्हणजे हे पांढरट ओघळ, लावा. एवढ्यानेच अर्धं काम होईल.

दुसरी चूक नव्वद टक्के लोक करतात, मीही केली होती. पाण्यालगत हिरवा पट्टा. तुमचा पट्टा फोटोवरून १० मिलिमीटरचा वाटतो. १:७६ ला ते ७६ सेंटिमीटर झाले, म्हणजे भरती-ओहोटीचं बंदर! कालव्याची पातळी जादा पाणी सांडव्यावरून सोडून जवळपास एकसारखी ठेवलेली असते. खरा ओला पट्टा वीतभराहून कमीच. मॉडेलवर १ ते २ मिलिमीटर पुरे, तोही तुटक, कुठे गडद कुठे पुसट. बारीक ब्रशने काढा, एअरब्रशने नाही.

याला अपवाद फक्त लॉकचा, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारं असलेल्या पाण्याच्या कप्प्याचा. डाव्या टोकाला लॉक करायचा विचार आहे म्हणालात, तर तिथे नियम उलटा. लॉकमधलं पाणी रोज वर-खाली होतं, त्यामुळे आतली भिंत वरच्या पातळीपासून खालच्या पातळीपर्यंत पूर्ण बुळबुळीत, हिरवट काळी, आणि त्या रेषेच्या वर एकदम कोरडी. ही सीमारेषा स्पष्ट दिसू द्या. दारांच्या फटींतून पाणी गळतं, तिथलं शेवाळ बाकीच्यापेक्षा जास्त पोपटी. लॉक एकेरी ठेवलंत तर फळीवर मावेल: इंग्लंडच्या अरुंद कालव्यांची लॉक सुमारे ७ फूट रुंद आणि ७० फुटांच्या आसपास बोटी मावतील एवढी लांब असतात. तुमच्या प्रमाणात रुंदी २८ मिलिमीटर, लांबी मात्र २८ सेंटिमीटर. लांबी जड जात असेल तर लॉकचं एकच टोक दाखवा आणि बाकीचं फळीच्या कडेला कापून टाका. आखूड केलेलं पूर्ण लॉक खेळणं वाटतं.

आता वय. तिकडे बहुतेक कालवे रेल्वेच्या आधीचे. लिव्हरपूल-मँचेस्टर लाइन १८३० ची, तर कालव्यांची धामधूम त्याआधीच्या अर्धशतकातली. म्हणजे तुमच्या देखाव्यात काठाचे दगड हे पुलाचे आजोबा. दोघांना एकाच दिवशी जन्मल्यासारखं रंगवू नका. काठाच्या दगडांच्या कडा गोलावलेल्या, एखादा पाण्याकडे कललेला, एक-दोन नंतर बदललेले आणि म्हणून रंगाने वेगळे. पुलाच्या विटा त्या मानाने सरळ, कडा शाबूत. कोपऱ्यांवर एक गंमत करता येते. बोटी घोडे ओढायचे, त्यांचा ओला दोर वाळूचे कण घेऊन कमानीच्या कोपऱ्याला घासायचा, आणि वर्षानुवर्षं घासून दगडात, अगदी लोखंडी पट्टीतसुद्धा, खोल खाचा पडायच्या. बारीक गोल कानशीने घोड्याच्या वाटेच्या बाजूच्या कोपऱ्यावर तीन-चार तिरक्या खाचा पाडा. सगळ्या एका उंचीवर नकोत, आणि दुसऱ्या बाजूला एकही नको. तिकडे घोडा चालतच नव्हता.

विटांवर आधीचा फवारा आहे तो ॲक्रिलिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या बोळ्याने बराचसा निघेल. आधी मागच्या न दिसणाऱ्या भिंतीवर करून बघा, खालचा रंगही सोबत येऊ शकतो. पूर्ण स्वच्छ करायचा हट्ट नको, खाचांत उरलेलं कामाला येतं. मग फिका राखाडी-पिवळसर रंग पातळ करून दर्जांत सोडायचा आणि वरचा लगेच जवळजवळ कोरड्या फडक्याने आडवा पुसायचा. पांढराशुभ्र रंग घेऊ नका, भिंत चौकटीच्या वहीसारखी दिसते. त्यानंतर दहा-बारातली एखादी वीट वेगळ्या छटेने उचलायची: एक भाजकी जांभळट, एक फिकट नारिंगी. हे काम कंटाळवाणं आहे, पण बघणाऱ्याचा डोळा इथेच फसतो.

वॉश, म्हणजे खूप पातळ केलेल्या रंगाचा हात, देताना भिंत उभीच ठेवा आणि उभीच वाळू द्या. माझ्या पहिल्या पुलाच्या भिंती सुट्या रंगवून टेबलावर आडव्या वाळवल्या होत्या. सकाळी बघतो तर ओघळांच्या जागी चहाच्या कपाने उमटावीत तशी वर्तुळं. पाणी जिकडे वाहायला हवं तिकडेच वाहू द्यायचं, त्यात आपलं कौशल्य लागतच नाही.

शेवटचा हात पावडरचा. खास पिगमेंट नसतील तर कोरडे पेस्टल खडू सँडपेपरवर घासून चालतात. तेलकट पेस्टल नको. मऊ ब्रशने वरून खाली ओढा. वरून मॅट (बिनचकाकीचं) व्हार्निश मारलं की पावडर निम्मी नाहीशी होते, म्हणून हवी त्याहून थोडी जास्तच लावा, किंवा हात न लागणाऱ्या जागी व्हार्निशच मारू नका. दमट हवेत मॅट स्प्रे मारायचा नाही, पांढरी झाक बसते.

रुळांचं फार सांगत नाही, ते तुम्हाला जमलंय. एवढंच, की बाजूंचा नारिंगी गंज उतरवा. रोज गाडी धावणाऱ्या रुळाच्या बाजू गडद चॉकलेटी असतात, नारिंगी गंज बंद पडलेल्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या लाइनला, शोभतो. माथा मात्र चकचकीत हवा, रंग ओला असतानाच पुसून घ्या.

आता पाणी. १२ मिलिमीटर एकदम ओतायला नको होतं. इपॉक्सी रेझिन घट्ट होताना तापतं, थर जाड तितकी उष्णता जास्त, त्यात बुडबुडे अडकतात आणि खाली फोम असेल तर तोही वाकडा होऊ शकतो. दोन-तीन मिलिमीटरचे थर देतात ते याचसाठी. काठावर चढतं ते पृष्ठताणामुळे, त्याला इलाज नाही, नंतर झाकावंच लागतं. आणि ते कुठूनही निसटतं. माझं एकदा वायरीसाठी पाडलेल्या भोकातून रात्रभर गळत होतं. सकाळी फळी टेबलाला चिकटलेली, आणि कालवा रिकामा.

पण खरं सांगायचं तर इथे खोली दाखवायचीच गरज नव्हती. कालवा उथळ, तळाशी गाळ, बोटी तो ढवळत राहतात. तळ दिसतच नाही. पारदर्शक हिरवं पाणी डोंगरातल्या झऱ्याला शोभेल, इथे ते जेलीच वाटणार. म्हणून तुमचं घट्ट झालेलं रेझिन हाच तळ समजा. मास्क लावून २४० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावत हलकं घासा, म्हणजे चकाकी जाईल. भिंतींवर चढलेली कड धारदार पात्याने खरवडा, नाही निघाली तर भिंतीच्या रंगाने झाका. कमानीखाली हात पोहोचणार नाही, तिथे नुसता गडद रंग द्या, कोणी वाकून बघणार नाही.

रंग निळा नको. पाण्यातला निळा आकाशाचा असतो, आणि चकचकीत पृष्ठभाग समोर दिसेल ते आपणहून दाखवतो. गढूळ ऑलिव्ह-तपकिरी घ्या. मध्ये गडद, काठाकडे मातीचा फिका, ओल्यात ओला मिसळत न्या. कडक सीमा दिसली तर पुन्हा ओला ब्रश फिरवा. कोरडं झाल्यावर काठाच्या आणि पुलाच्या भिंतींचं सगळं वेदरिंग, मॅट व्हार्निश वगैरे आधी उरका. मग पाण्यावर ग्लॉस, म्हणजे चकचकीत व्हार्निश. हा क्रम उलटा झाला तर मॅटचा फवारा पाण्यावर बसतो आणि कालव्याची फरशी होते.

ॲक्रिलिक ग्लॉस व्हार्निशचे पाच-सहा पातळ थर द्या, रुंद मऊ ब्रशने, एकाच दिशेने. लाटा उठवू नका, कालव्याचं पाणी आरशासारखं असतं. चालती बोट ठेवणार असाल तरच तिच्या मागे ग्लॉस जेलने दोन हलक्या रेघा. दोन थरांमध्ये पूर्ण वाळू द्या आणि फळीवर खोका पालथा ठेवा, कारण धुळीचा एक कणसुद्धा या प्रमाणात खड्याएवढा दिसतो. पहिला थर दुधासारखा पांढरा दिसेल. वाळला की तो पारदर्शक होतो. पांढरेपणा दिसला म्हणून घाबरून त्यावर लगेच दुसरा थर मारू नका, खालचा ओलावा अडकला तर तो पांढुरका ढग मग कायमचा राहतो.