लेझर बरोबर दाखवतो, तरी ताऱ्यांना शेपूट का? १२ इंची डॉब्सोनियनचा आरसा खराब असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १२ इंची, एफ/५ ची (आरशाचं नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) ट्रस डॉब्सोनियन, म्हणजे दांड्यांच्या सांगाड्याची, साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण घेतली, जोडली, कॉलिमेशनसाठी (आरसे एका रेषेत लावण्यासाठी) वापरायच्या लेझर कॉलिमेटरचा ठिपका परत येऊन बरोबर मधोमध बसतो. तरी १५० पटीला ताऱ्यांना एका बाजूला शेपूट दिसतं आणि गुरूचे पट्टे बोटानं पुसल्यासारखे. तर आरसा बदलून मागावा का?

नका मागू, निदान एवढ्यात तरी. आधी त्या लेझरची झडती घ्या.

माझ्याकडे याच मापाची दुर्बीण आहे, इंदूरला राजेंद्रनगरात, गच्चीवर. पहिला अख्खा हिवाळा मी तुमच्यासारखाच आरशाला बोल लावण्यात घालवला. लेझर ऑनलाइन मागवलेला, कुणी बनवलाय ते डब्यावरसुद्धा नव्हतं. एका रात्री सहज, स्क्रू न आवळता तो फोकसरमध्येच (आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, बसतं ती नळी) गोल फिरवून पाहिला. मोठ्या आरशावरचा तांबडा ठिपका जागचा हलायला नको होता. त्यानं पाच रुपयांच्या नाण्याएवढं वर्तुळ काढलं!

यानं नेमकं काय बिघडतं ते सांगते, कारण मेख इथेच आहे. लेझर दोन गोष्टी सांगतो. जाताना किरण मोठ्या आरशाच्या मधल्या खुणेवर पडतो का, हे छोट्या तिरक्या आरशाबद्दल. परत येताना तो आपल्याच भोकात शिरतो का, हे मोठ्या आरशाबद्दल. पण दुसरी गोष्ट पहिलीच्या भरवशावर आहे. किरण खुणेपासून ८ मिलिमीटर बाजूला पडत असला, तरी मोठा आरसा जरा कलता करून त्याला भोकात परत धाडता येतंच. लेझर खूश, तुम्ही खूश. प्रत्यक्षात आरशाचा अक्ष त्याच्या निम्म्यानं, म्हणजे ४ मिलिमीटर, फोकसरच्या मध्यापासून सरकलेला असतो. आणि एफ/५ ला कोमाचा (ताऱ्याला शेपूट फुटतं तो दोष) त्रास न होणारं वर्तुळ केवढं? व्यास जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. म्हणजे मध्यापासून दीड मिलिमीटरचीसुद्धा मुभा नाही. हे वर्तुळ फोकल रेशोच्या, म्हणजे त्या एफ/ पुढच्या आकड्याच्या, घनानुसार वाढतं. एफ/८ ला ते सुमारे ११ मिलिमीटर असतं, म्हणून जुन्या सहा इंची एफ/८ वर हात बसलेली मंडळी ‘कॉलिमेशनचं एवढं काय’ म्हणतात. त्यांचं खरंच आहे, त्यांच्यापुरतं.

आमच्याकडे व्हायचं असं. मी छोटा आरसा लावायची, मग लेझर काढून ठेवायची, चहा व्हायचा, परत लेझर घालून स्क्रू आवळायची. स्क्रू एका बाजूनं दाबतो, लेझर किंचित कलंडतो, ठिपका भलतीकडे जातो. तोवर अहो मागे मोठ्या आरशाच्या बोल्टांपाशी उकिडवे बसलेले आणि मी वर, परत येणारा ठिपका बघत. जाणारा ठिपका कुठे पडतोय, हे दोघांपैकी कुणीच बघत नव्हतं.

तर तुम्ही आधी हे करा. एका फळीवर दोन-दोन खिळ्यांच्या दोन फुल्या ठोका, त्यांच्या खाचांत लेझर आडवा ठेवा आणि निदान पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडून लेझर जागच्या जागी फिरवा. ठिपका मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत राहिला तर लेझर सरळ आहे. फिरला तर त्याच्या अंगावर रबराखाली लपलेले तीन बारीक स्क्रू असतात, ते चिमूट-चिमूट फिरवून सरळ करा. बारकी एलन की सियागंजात मिळते, तुमच्या गावी हार्डवेअरवाल्याकडे मिळेलच. डोळ्यात किरण जाऊ देऊ नका, हे सांगायला नकोच.

लेझर सरळ झाला तरी मोठ्या आरशासाठी मी आता त्याच्या परतीच्या ठिपक्यावर विसंबत नाही. दोन पटीची बार्लो (आयपीसआधी लावायचं, पट वाढवणारं भिंग) असेल तर ती फोकसरमध्ये घाला, लेझर बार्लोत. बार्लोच्या आतल्या, छोट्या आरशाकडच्या तोंडावर मध्ये भोक पाडलेली कागदाची चकती चिकटवा. आता किरण पसरून जातो, आणि मोठ्या आरशावरच्या गोल खुणेची सावली त्या चकतीवर पडते. ट्रसच्या दांड्यांमधून ती दिसते. सावली भोकाभोवती बरोबर मध्ये आणायची, झालं. किरण खुणेपासून थोडा सरकलेला असला तरी या रीतीत फारसं बिघडत नाही.

पण ती खूण स्वतः मध्यावर हवी. मोठ्या आरशाएवढा कागद गोल कापा, चार घड्या घाला, टोकाला छोटं छिद्र पाडा, आरशावर अलगद ठेवून बघा. चुकली असेल तर फाइलच्या कागदांना भोकाभोवती लावायची गोल चकती मिळते, ती लावा. आरशाचा तो भाग छोट्या आरशाच्या सावलीतच असतो, त्यामुळे प्रकाशाचं काही नुकसान नाही.

क्रम मोडू नका: आधी छोटा आरसा फोकसरखाली गोल आणि मध्यावर दिसायला हवा, मग त्याचा कल, शेवटी मोठा आरसा. पहिल्या पायरीला फोकसरच्या समोरच्या बाजूला रंगीत कागद लावला की छोट्या आरशाची कड स्वच्छ उठून दिसते. बघायला मधोमध भोक असलेली टोपी हवी. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी सव्वा इंची फोकसरमध्ये नेमकी बसते. माझी एका जुन्या फोटो स्टुडिओतून मागून आणलेली आहे. आणि एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा, म्हणजे माझ्यासारखे तीन रविवार वाया जाणार नाहीत. सगळं बरोबर लागल्यावरही छोट्या आरशाची काळी सावली मोठ्या आरशाच्या बाजूला थोडी सरकलेलीच दिसते. एफ/५ ला ती तशीच दिसायची. तिला मध्यावर आणायला जाऊ नका.

छोट्या आरशाचे स्क्रू फिरवताना दुर्बीण आडवी ठेवा. मी उभी ठेवली होती, एलन की हातातून सटकली. आरशाच्या कडेजवळ तांदळाच्या कणीएवढा टवका उडालाय. दिसण्यात काही फरक पडत नाही, पण दर वेळी झाकण काढलं की पहिली नजर तिथेच जाते.

आता खरी परीक्षा ताऱ्यावर. ध्रुव जागचा हलत नाही म्हणून सगळे तोच सांगतात. बाकीच्यांची तऱ्हा अशी की १० मिलिमीटरच्या साध्या आयपीसनं १५० पट केली, की विषुववृत्ताजवळचा तारा सव्वा मिनिटाच्या आसपास दृश्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेबाहेर जातो. पण आपल्या इंदुरात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम पावणेतेवीस अंशांवर. तिथे शहराची अख्खी गरम, धुरकट हवा मध्ये येते. शिवाय गुरू गेल्या हिवाळ्यात, जानेवारी २०२६ मध्ये, मिथुनेत होता आणि आपल्या जवळजवळ डोक्यावरून जात होता. २३ अंशांवर लावलेला जड आरसा दुर्बीण उभी केली की आपल्या बैठकीत किंचित सरकू शकतो. म्हणून मी ब्रह्महृदय घेते. हिवाळ्यात तो उत्तरेला ६७ अंशांपर्यंत चढतो.

तारा मध्यावर आणा, फोकस किंचित हलवा. काळ्या ठिपक्याभोवती एकात एक वर्तुळं दिसतील. ती एका बाजूला दाटली असतील तर दुर्बीण हलवून तारा दृश्यात इकडेतिकडे न्या. कुठेतरी ती सारखी होतील. तिथे असताना मागचा जो बोल्ट फिरवून तारा मध्याकडे येतो, तो थोडासाच फिरवा. परत तारा मध्यावर, परत बघा. दोन-तीन फेऱ्या लागतात. दुर्बीण दीड मीटरची, हात काही मागे पोचत नाही, तेव्हा माणूस हवंच. आमचे संवाद असे:

“अहो, लालवाला जरा आत.”

“जरा म्हणजे किती?”

“घड्याळातली पाच मिनिटं.”

बोल्टांना मी तीन रंगांचं नेलपॉलिश लावलंय, ट्रसच्या दांड्यांना आणि त्यांच्या खोबणींनाही. जानापावच्या बाजूला अंधारात नेऊन जोडली तर तीच दांडी त्याच जागी बसते आणि लेझरला फारसं काम उरत नाही. तरी दर जोडणीनंतर तपासतेच.

तारा तिकोनी दिसला तर तो कॉलिमेशनचा दोष नव्हे. आरशाच्या कडेच्या क्लिपा आवळल्या गेल्यात. क्लिप आणि काच यांच्यात साधा कागद सरकला पाहिजे.

हे सगळं करूनही गुरू पुसटच राहिला तर आरसा गरम आहे. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, गार म्हणतात ते खरं, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत ऊब सोडत असतो आणि खोलीतून आणलेली १२ इंची काच तर त्याहून हट्टी. दुर्बीण संध्याकाळीच बाहेर काढा, मागे कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा लावा, निदान तासभर द्या. कॉलिमेशन चुकलं तर शेपूट एकाच बाजूला आणि ठाम असतं. हवा किंवा ऊब असेल तर प्रतिमा उकळत्या पाण्यातल्यासारखी हलते. तुम्ही शेपटाचं लिहिलंय म्हणून मी आधी लेझर धरला. आणि गुरू अगदी माथ्यावर असताना दुर्बीण आडवी फिरवणं अवघड जातं, ती या बैठकीची जातच आहे. त्या जागेला डॉब्सनचं भोक म्हणतात. ही बैठक ज्याच्या नावानं ओळखली जाते तो जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होता. तासभर थांबा, गुरू आपसूक कलतो.

शनीही बिघडलाय असं पुढे वाटलंच, तर त्याचा दोष आरशाला देऊ नका. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी त्याच्या कड्यांच्या प्रतलातून गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात ती पुन्हा जवळजवळ मिटली आणि त्यानंतर हळूहळू उघडतायत. अजून बारीकच दिसणार.

आरसा पुसायचा मोह मात्र आवरा. थोड्या धुळीनं काही होत नाही, कापडानं मुलामा जातो. आमच्याकडे रंगपंचमीच्या गेरनंतर (रंगाच्या मिरवणुकीनंतर) आठवडाभर हवेत गुलाल असतो, तेवढे दिवस मी झाकणच उघडत नाही.

फळीवरची चाचणी करून बघा आणि ठिपका किती फिरला, भिंत किती लांब होती, ते इथेच लिहा. आरसा परत करायचा की नाही ते त्यानंतर बोलू.