बारावीचं मानसशास्त्र आणि घरातले पेशंट

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मानसिक विकारांचा धडा झाल्यापासून आईला ओसीडी (तेच ते विचार आणि कृती थांबवता न येणं) आहे, मैत्रीण डिप्रेशनमध्ये आहे आणि तुला स्वतःला ॲंग्झायटी आहे, अशी तुझी खात्री पटली आहे. घाबरू नकोस. हा धडा आला की दरवर्षी अर्धा वर्ग आजारी पडतो. डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांचंही असंच होतं.

आई घराबाहेर पडताना गॅसचा नॉब दोनदा बघते, कुलूप ओढून बघते, एवढ्यावरून तू निदान केलंस. तज्ज्ञ मात्र आधी विचारतात, की अशा गोष्टींत दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जातो का? त्यापायी जिवाची तगमग होते का, काम अडतं का? तुझी आई नॉब बघून वेळेवर बस पकडते. विषय संपला. नैराश्याचंही तसंच. नऊपैकी किमान पाच लक्षणं, दोन आठवडे, जवळजवळ रोज. आणि त्यात उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवंच. चाचणीत मार्क कमी पडले म्हणून दोन दिवस रडणं यात बसत नाही. पण मैत्रीण खरोखरच जेवतखात नसेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर लक्षणं मोजत बसू नकोस. तिच्या घरच्या मोठ्या माणसाला लगेच सांग. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मला विचारशील तर पुस्तकातला खरा रंगतदार धडा बुद्धिमत्तेचा. मुलं त्यातलं बुद्ध्यांकाचं सूत्र घोकतात आणि पुढे जातात: मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले 100. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय 12 आलं की बुद्ध्यांक 120. तू जरा थांब आणि हेच सूत्र बाबांना लावून बघ. मानसिक वय काही जन्मभर वाढत राहत नाही. ते सोळा-अठराच्या आसपास थबकलं असं धरलं, तर चाळिशीतल्या बाबांचा बुद्ध्यांक येतो 40 ते 45! घर चालवणारा, हिशेबाला पक्का माणूस सूत्राने मंदबुद्धी ठरतो. म्हणून वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1939 मध्ये मोठ्यांसाठी वेगळी वाट काढली: माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी करायची आणि सरासरी 100 धरायची. सूत्र कुठे मोडतं हे कळलं, की ते पाठ करावं लागत नाही.

बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1905 मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमत्तेची चाचणी बनवली ती शाळेत जादा मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी तिचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं. बिने-कामत हे नाव पुढे तुला पुन्हा पुन्हा भेटेल. नुसती भाषा बदलून अशी चाचणी होत नाही. पोराने कधी पाहिलीच नाही अशा वस्तूबद्दल विचारलं आणि त्याला उत्तर आलं नाही, तर आपण नक्की काय मोजलं? हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांनाही तोच विचारायचा.

अभ्यासाचं म्हणशील, तर रंगीत पेनांनी अधोरेखित करणं कमी कर. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं; पण पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी आठवड्याने बाजी मारली. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो. व्याख्या आणि फरक एवढे मात्र नेमक्या शब्दांत हवेत, तिथे पाल्हाळ नको.

प्रकल्पासाठी तू ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ म्हणतेस. नको गं, तपासणाऱ्यांना कंटाळा आलाय त्याचा. स्ट्रूपचा प्रयोग कर, 1935 चा आहे आणि अजून चालतो. एका कागदावर ‘लाल’, ‘हिरवा’, ‘निळा’ हे शब्द त्याच रंगाच्या स्केचपेनने लिही, दुसऱ्यावर मुद्दाम भलत्याच रंगाने. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा; प्रत्येक कागदाला किती वेळ लागतो ते तू मोजायचं. हिरव्या शाईतला ‘लाल’ आला की माणूस अडखळतोच. अर्ध्या लोकांना पहिला कागद आधी दे, अर्ध्यांना दुसरा. नाहीतर सरावाचा परिणाम आत शिरेल. आधी परवानगी विचार, आणि वहीत नावाऐवजी क्रमांक घाल. जमलं तर वाचायला न शिकलेल्या एखाद्या छोट्यालाही बसव. तो कागद कसा सोडवतो ते बघ आणि का, ते तूच लिही.

पुढे काय, हेही विचारलं आहेस. बी.ए. झालं म्हणून लगेच समुपदेशनाची पाटी लावायची नसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला पदव्युत्तर शिक्षण, वरचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. औषधं देणारे मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस.ची वाट, ती वेगळीच. बाबांना हे आत्ताच सांगून टाक.

स्ट्रूपचे आकडे हाती आले की आलेख काढण्याआधी मला पाठव.

तुझ्या,
मानसशास्त्राच्या बाई