नियमाखाली त्याचं कारणही लिही

चाहत्यांच्या चित्रगटाच्या नियमांची यादी तुझ्या हाती आलीच आहे. आता प्रत्येक नियमाखाली तो कधी आणि कशामुळे आला, ते दोन ओळींत लिहून ठेव. ‘ट्रेस केलं असेल (म्हणजे दुसऱ्याच्या चित्रावरून गिरवलं असेल) तर मूळ चित्रकाराचं नाव द्या’ हा आमचा नियम एका मोठ्या भांडणातून आला. पुढे भांडण सगळे विसरले आणि नवे लोक नियमालाच जाचक म्हणू लागले. भांडणाऱ्यांची नावं मात्र लिहू नकोस. उगाच खपली निघते.

जुनी चित्रं जपायची तर आधी चित्रकाराला विचार. फाइलच्या नावातच टोपणनाव आणि तारीख घाल, प्रती दोन ठिकाणी ठेव. २००९ मध्ये अमेरिकेतलं जिओसिटीज, म्हणजे लोकांना फुकट वेबपानं बनवू देणारं संकेतस्थळ, बंद झालं तेव्हा चाहत्यांची कितीतरी पानं कायमची गेली. आणि कुणी ‘माझं चित्र इथून हटवा’ म्हणालं, तर हुज्जत न घालता हटव.