कमी किमतीची हत्यारे आणि टूल ट्रॉली महागड्या व्यावसायिक ब्रँडची बरोबरी करू शकतात का?

आपण पारोळ्याला दुचाकी आणि लहान ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीचे गॅरेज सुरू करत आहात, आणि स्वस्त ब्रँडची ट्रॉली व हत्यारे स्नॅप-ऑनसारख्या नामांकित ब्रँडच्या तोडीची ठरतील का, की एकदाच काय ते महाग घ्यावे, असे विचारले आहे. जुना आयात केलेला सेट घ्यावा का, हाही आपला प्रश्न आहे. मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे दोन्ही प्रकारची हत्यारे माझ्या हातातून गेली आहेत. ट्रॉलीच्या बाबतीत माझे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. हत्यारांच्या बाबतीतही ते बहुतांशी ‘होय’च आहे, मात्र तीन-चार हत्यारे त्यातून वगळावी लागतील.

स्वस्त विरुद्ध महाग ही तुलना आपल्याकडे अमेरिकेतल्या चित्रफितींमधून आली आहे, आणि तिथे तिला अर्थही आहे. स्नॅप-ऑन ही १९२० साली सुरू झालेली कंपनी. तिचा विक्रेता हत्यारांनी भरलेली गाडी घेऊन ठरलेल्या दिवशी गॅरेजच्या दारात येतो, तुटलेला रॅचेट (एकाच दिशेला पकडणारा, दातेरी चाकाचा दांडा) तिथल्या तिथे बदलून देतो आणि मेकॅनिकला हप्त्यांवर उधारही देतो. १९७७ साली सुरू झालेल्या हार्बर फ्रेटने त्याच्या उलट वाट धरली आणि स्वतःच्या दुकानांतून ‘यूएस जनरल’ नावाच्या ट्रॉल्या आणि ‘आयकॉन’ नावाची हत्यारे बऱ्याच कमी किमतीत विकायला सुरुवात केली. म्हणजे तिथे महाग ब्रँडच्या किमतीत पोलादाइतकाच त्या गाडीचा, उधारीचा आणि दारात मिळणाऱ्या बदलीचाही वाटा असतो. धुळे-जळगाव रस्त्यावर अशी गाडी फिरत नाही. मग जी सेवा आपल्या गॅरेजपर्यंत पोहोचणारच नाही तिचे पैसे आपण का भरावेत, हा प्रश्न पोलादाच्या दर्जाआधी विचारायला हवा.

दुसरे असे की, आपल्याकडची उतरंडच वेगळी आहे. नाशिकची तापडिया ही १९६५ साली स्थापन झालेली आणि स्वीडिश तंत्रसहकार्याने उभी राहिलेली कंपनी अमेरिकी किमतींच्या शेजारी ठेवली तर ‘स्वस्त’ ठरेल. पण तिचे पाने आणि पकडी आपल्याकडचे व्यावसायिक फिटर रोज वापरतात. तेव्हा आपली खरी निवड आयात ब्रँड आणि भारतीय ब्रँड यांच्यात नसून, भारतीय घडीव हत्यारे आणि प्लॅस्टिकच्या चकचकीत पेटीत मिळणारा शंभर-सव्वाशे नगांचा बिननावाचा सेट यांच्यात आहे. त्या सेटमध्ये निम्मे नग स्क्रू ड्रायव्हरची टोके असतात. आकडा मोठा दिसावा म्हणून ती भरलेली असतात, आणि आपल्याला लागणारी १४ मिमीची लांब गोटी (म्हणजे नटावर चढणारे सॉकेट) त्यात सापडत नाही.

आता ट्रॉली. ट्रॉली म्हणजे वाकवलेला पत्रा, खण ज्यांवर सरकतात ते बॉल बेअरिंगचे चॅनेल, चार चाके आणि एक कुलूप. महाग ट्रॉलीत पत्रा जाड असतो, बाजू दुहेरी असतात, जड खणांना चॅनेलच्या दोन जोड्या लावलेल्या असतात आणि एका वेळी एकच खण उघडेल अशी सोय असते. ही यादी वाचली की लक्षात येईल की त्यात दुर्मीळ असे काहीच नाही. ऑफिसची कपाटे बनवणारा कोणताही चांगला फॅब्रिकेटर १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिमी जाडीचा पत्रा आणि फर्निचरच्या दुकानात मिळणारे ४५ मिमी रुंदीचे चॅनेल वापरून अशी ट्रॉली करून देऊ शकतो. अशा चॅनेलच्या जोडीवर साधारण ३५ ते ४५ किलो वजन टाकता येते. तयार स्वस्त ट्रॉली घेतलीत तर तिची चाके मात्र आधी पाहावीत, कारण ती गुळगुळीत फरशीसाठी दिलेली असतात आणि मुरूम टाकलेल्या अंगणात रुतून बसतात. पाच इंची रबरी चाके वेगळी घेऊन बसवणे हा मला सर्वांत फायद्याचा खर्च वाटतो. खण एकाच वेळी उघडण्याला अटकाव नसेल तर जड हत्यारे खालच्या खणात ठेवावीत, नाहीतर वरचे दोन खण पूर्ण ओढताच ट्रॉली पुढे कलंडते. चॅनेलला ग्रीस भरपूर लावण्याचा मोह टाळावा. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचा तूस असतो, आणि ग्रीसमध्ये तो मिसळला की खण अडकू लागतात. मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पेटीच्या कड्या आणि बिजागऱ्या ठिसूळ होऊन तुटतात, म्हणून प्लॅस्टिकची साठवण मी सुचवणार नाही. पाच कप्प्यांची, दोन्ही बाजूंना उघडणारी साधी पत्र्याची पेटी बाहेरच्या कामाला न्यायला पुरेशी आहे.

हत्यारांच्या बाबतीत विचार थोडा बारकाईने करावा लागतो. लोक विचारतात, ‘पाना तुटेल का?’ माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. तुटलेला पाना बदलता येतो. पण फाकलेल्या पान्याने गिऱ्हाइकाच्या इंजिनवरचा बोल्ट गोल केला, किंवा ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेले, तर तो खर्च आणि ती बदनामी पान्याच्या किमतीच्या कितीतरी पट असते. म्हणून जे हत्यार नटाला थेट चावते त्यावर पैसे घालावेत, आणि जे नुसते ठोकते, उचकते किंवा धरते त्यात काटकसर करावी. हातोडी, टॉमी (उचकायची पहार), छिन्नी, क्लॅम्प, तसेच फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) यांत भारतीय मध्यम दर्जाच्या वस्तू आणि महाग वस्तू यांच्यातला फरक आपल्या कामात जाणवणार नाही. दुचाकीवर ८, १०, १२, १४ आणि १७ मिमी ही मापे दिवसभर हातात असतात. एवढे रिंग पाने आणि एवढ्या गोट्या मात्र नीट पारखून, चांगल्या भारतीय ब्रँडच्या घ्याव्यात. गोट्या सहा कोनांच्या घ्या. बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते खरी, पण गंजलेल्या बोल्टवर ती कोपऱ्यांवर जोर देते. जुन्या ट्रॅक्टरांवर अजून इंची नट सापडतात, त्यांच्यासाठी जवळचे मिमी माप ठोकून बसवण्यापेक्षा वेगळा इंची सेट ठेवणे स्वस्त पडते.

दुकानात पारख करण्यासाठी खिशात १० आणि १४ मिमीचे नवे बोल्ट न्या. पाना बोल्टवर चढवून हलवला की खेळ किती आहे ते बोटांना लगेच कळते. गोटीच्या तोंडाकडून पाहिले तर भिंत सगळीकडे सारख्या जाडीची दिसली पाहिजे. पकडीचे कापायचे ओठ मिटवून उजेडासमोर धरले असता फट दिसू नये. चांगल्या पकडीचे हे ओठ कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल ‘सी’ मापावर ५५ ते ६०च्या घरात कडक केलेले असतात, आणि स्वस्त पकडीत नेमके हेच वाचवलेले असते, म्हणून क्लचची केबल दोन-चार वेळा कापली की तिथे खाचा पडतात. रॅचेट ७२ दातांचा असेल तर तो ५ अंशांवर दात पकडतो, २४ दातांच्या रॅचेटला १५ अंश फिरवावे लागते. चेसिसच्या आत हात अडकलेला असताना हा फरक फार मोठा वाटतो. पूर्वी बारीक दातांसाठी महाग ब्रँडकडेच जावे लागे, आता कमी किमतीतही ते मिळतात.

एक गोष्ट महाग घेऊनही सुटत नाही. जपानी आराखड्याच्या दुचाकींवरचे चौफुलीचे स्क्रू पुष्कळदा जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएसचे असतात, आणि त्यांत फिलिप्स, म्हणजे नेहमीचा चौफुली ड्रायव्हर पूर्ण बसत नाही. जोर दिला की तो वर उचलला जातो आणि खाच खराब होते. अशा स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक लहान ठिपका असतो. त्यासाठी जेआयएस टोकाचा एक ड्रायव्हर घेतला की काम भागते, आणि तो फार महागही नसतो.

जिथे स्वस्तात जाऊ नये अशा गोष्टी दोन. पहिली, हवेच्या किंवा बॅटरीच्या इम्पॅक्ट गनवर (ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्रावर) लावायच्या गोट्या. त्या काळ्या, खास इम्पॅक्टसाठी घडवलेल्याच हव्यात. हाताने वापरायची चकचकीत क्रोमची गोटी गनवर लावली तर ती फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो, मग ती कितीही महाग ब्रँडची असो. दुसरी, टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकाच बोल्ट आवळण्यासाठीचा पाना. आयएसओ ६७८९ या मानकानुसार १० न्यूटन-मीटरच्या (हे आवळण्याच्या जोराचे माप) वरच्या ‘टक’ वाजणाऱ्या पान्याला अधिक-उणे ४ टक्क्यांपर्यंत चूक चालते, आणि उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर वर्षातून एकदा किंवा ५,००० वापरांनंतर तो तपासून घ्यायचा असतो. सोबत तपासणीचा दाखला नसलेला पाना किती जोर लावतो हे कळायला मार्ग नाही, आणि सिलिंडर हेडचे बोल्ट त्याच्या भरवशावर आवळायचे असतात. काम झाल्यावर त्याची मांडणी सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, नाहीतर आतली स्प्रिंग सैल पडते. विजेचे कामही करणार असाल तर १००० व्होल्टची खूण आणि आयईसी ६०९०० हा क्रमांक असलेलीच पक्कड घ्या. नुसते प्लॅस्टिकचे जाड म्यान म्हणजे इन्सुलेशन नव्हे.

राहिला जुन्या आयात सेटचा प्रश्न. मोठे नाव ठोकलेले, पण कुठून आले हे विक्रेत्याला सांगता येत नाही असे सेट मी घेणार नाही, कारण नाव ठोकणे हे पोलादाला योग्य पाणी देण्यापेक्षा फार सोपे आहे. अस्सल असला तरी त्याची आजन्म हमी पारोळ्यात बसून वसूल करता येणार नाही. अपवाद बंद पडणाऱ्या कारखान्याच्या किंवा निवृत्त होणाऱ्या एखाद्या फिटरच्या हत्यारांचा: ती वापरलेली असली तरी कोणी, कुठे वापरली हे समोर दिसते, आणि तीच बोल्ट लावण्याची परीक्षा त्यांनाही लागू पडते. तशी संधी आली तर रॅचेट उघडून आतला पॉल (दात पकडणारा खटका) झिजला आहे का, तेवढे अवश्य पाहा.